मंजनात गेलेला अर्धा रंग

लहानू दुर्गेच्या तोंडात बत्तीस दात होते, जीभ शाबूत होती, आवाजही बरा होता, पण 'नाही' हा शब्द त्या तोंडातून कधी कुणी ऐकला नाही. चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरांमध्ये, ही गोष्ट पहिल्या महिन्यातच फुटली. मग काय विचारता. कुणाचा कुकर शिट्टी देईना, कुणाच्या सायकलचं चाक डुलतंय, कुणाच्या सासूच्या ट्रंकेची किल्ली हरवली, आणा लहानूभाऊकडे. तो वीजकेंद्राच्या वर्कशॉपमध्ये फिटर. हात असा की सुताएवढा फरक बोटाच्या पेराला कळायचा. समोरचा माणूस वाक्य पुरं करायच्या आधी लहानू 'हव' म्हणून मोकळा. 'नाही' म्हणायचं काम त्याच्या बायकोकडे, कांताकडे. ती दारात उभी राहून लोकांचे कुकर तसेच्या तसे परत पाठवायची आणि त्यामुळे सगळ्या लायनीत खाष्ट म्हणून बदनाम होती. बिचारीनं नवऱ्याचे सगळे नकार स्वतःच्या अंगावर घेतले होते.

लग्नाच्या वेळी त्यानं तीन मुलींच्या बापांना एकाच हंगामात हव म्हटलं होतं असं सांगतात. सांगणारा देवराव आहे, तेव्हा तीनातली एक वजा करून घ्यावी. पण दोन होत्या, हे कांतासुद्धा मान्य करते. दुसऱ्या बापाची समजूत घालायला लहानूची आई रुखमाबाई उन्हाची दहा कोस चालत गेली होती.

आता हा देवराव कोण? चंद्रपुरात जटपुरा वेशीच्या आतल्या अंगाला त्याचं बंदूकदुरुस्तीचं दुकान होतं. लायसन बापाच्या वेळचं, भिंतीवर काचेत टांगलेलं. देवरावला बंदुकीतलं सगळं कळायचं, फक्त हात लावता यायचा नाही. गिऱ्हाइकाला पाट देणं, चहा सांगणं, बापाच्या वेळच्या वाघांच्या गोष्टी सांगणं, एवढं तो करी. उरलेलं काम रविवारी सुट्टीच्या दिवशी येऊन लहानू करी. त्याला हे काम पंधराव्या वर्षापासून ठाऊक होतं. देवरावच्या बापाच्या काळात या दुकानात एक हैदराबादी मिस्त्री होता. त्याचा भाता लहानूनं तीन वर्षं ओढला.

त्या मिस्त्रीची एक विद्या होती, आणि तीच पुढे लहानूच्या गळ्यात पडली. बंदुकीची नळी आणि लाकडी दस्ता यांच्या मधे लोखंडाचा जो भाग असतो, ज्यात घोडा आणि खटका बसतो, त्याला दुकानात बॉडी म्हणत. जुन्या विलायती बंदुकांच्या बॉडीवर रंग असायचा. लावलेला रंग नव्हे, लोखंडातूनच उमटलेला. निळा, जांभळा, मधासारखा पिवळा, मधेच तपकिरी, ढग एकमेकांत शिरावेत तसे. तो झिजला की मिस्त्री तो पुन्हा आणायचा. बॉडी घासून लख्ख करायची, लोखंडी पेटीत हाडांच्या आणि कातड्याच्या कोळशात पुरायची, पेटीचं झाकण मातीनं लिंपायचं आणि तीन तास भट्टीत ठेवायची. पेटी पळसाच्या फुलाच्या रंगावर आली, म्हणजे ताज्या फुलाच्या नव्हे, खाली पडून कोमेजायला लागलेल्या फुलाच्या रंगावर, की बाहेर काढून एका झटक्यात थंड पाण्यात उलटी करायची. त्या क्षणी लोखंडावर कातडी चढते, काचेसारखी कडक, आणि तिच्यावर रंग येतात. कोणते येतील, कुठे येतील, ते कुणाच्या बापाला सांगता येत नाही. मिस्त्री म्हणायचा, "लोहा हम गरम करते हैं, रंग पानी देता है. और पानी किसी का नौकर नहीं."

लहानूला हे फार पटायचं. कुणीतरी एक जण आहे जो कुणालाही हव म्हणत नाही, याचंच त्याला कौतुक.

पण घोडं अडत होतं हाडांपाशी. छप्पन साली चांद्यात, म्हणजे आताच्या चंद्रपुरात, बौद्ध धम्माची दीक्षा झाली तेव्हा लहानू दहा वर्षांचा होता. बाप सोमाजी, आई रुखमाबाई, सगळं गाव पांढरी कापडं नेसून गेलं होतं. परत आल्यावर सोमाजीनं ढोरं सोलायची सुरी झरपट नदीच्या डोहात फेकली. फेकताना तिला मूठ नीट बसवलेली होती, कालच धार केलेली होती. लहानूला ती चमक अजून दिसायची. त्या दिवसापासून मेलेलं ढोर ओढणं बंद, हाड बंद, कातडं बंद. गावच्या पाटलानं दोन वर्षं कामावर बोलावलं नाही, तरी बंद. पुढे लहानू मिस्त्रीच्या भात्यावर गेला, तेव्हा खाटकाकडची हाडं भाजायचं काम त्याच्याकडे आलं. तो संध्याकाळी नदीवर अंग घासून घासून घरी जायचा. रुखमाबाई ताट वाढताना एकदा हुंगायची. सोमाजी वारला त्या वेळी मात्र तिनं लेकाला बापाच्या उशाशी बसवून विचारलं की हाडाला हात लावणार नाहीस ना. लहानू काय म्हणणार? हव म्हणाला. मिस्त्री तोवर मेलाच होता. पंधरा-सोळा वर्षं हे हव बिनघोर पडून राहिलं.

आणि सत्त्याऐंशीच्या एप्रिलात झाडू नैताम दुकानाच्या पायरीवर येऊन बसला.

झाडू चामोर्शीच्या पलीकडचा, जंगलातल्या गावचा. साठीचा, काटक, बोलण्याला कमी. गोधडीत गुंडाळलेली एक दुनळी बंदूक त्यानं पाटावर ठेवली आणि लहानूच्या तोंडाकडे बघत बसला. त्याच्या बापानं इंग्रजाच्या वेळी माणसं खाणारा वाघ मारला होता, त्याबद्दल मिळालेली ती बंदूक. लायसन बापाचं, मग याचं. धान पोटरीत आलं की रानडुकरं उतरतात, तेवढ्यापुरता तिचा उपयोग. वर्षाला चार काडतुसं, तीही बहुतेक हवेत. आता त्या भागात रात्रीबेरात्री जंगलातून माणसं येऊ लागली होती, गावोगावच्या बंदुका त्यांच्या हाती पडतील म्हणून सरकारचा हुकूम निघाला होता. एप्रिलच्या तीस तारखेच्या आत प्रत्येकानं आपापली बंदूक ठाण्यात जमा करायची. परत कधी, ते हुकमात नव्हतं.

झाडूला जमा करायची तक्रार नव्हती. त्याची काळजी वेगळीच होती. शेजारच्या गावच्या जंगूनं मागच्या निवडणुकीत बंदूक जमा केली होती. त्यानं हुशारी करून दस्त्यावर आपल्या देवाची खूण कोरून ठेवली. परत मिळाली तेव्हा दस्ता जंगूचा होता आणि नळी भलत्याचीच, आतून खड्डे पडलेली. कारकून म्हणाला नंबर तोच आहे. जंगूला वाचता येत नव्हतं, झाडूलाही येत नव्हतं. तेव्हापासून झाडूच्या मनात बसलं होतं की खूण लाकडावर नको, लोखंडातच पाहिजे, आणि ती पुसून दुसरीकडे लावता येणारी नको. लहानपणी त्यानं बापाच्या मांडीवर बसून या बॉडीवरचे रंग पाहिले होते. डाव्या अंगाला मोराच्या मानेसारखा पट्टा होता, उजव्या अंगाला घोरपडीच्या पाठीसारखं काही. चाळीस पावसाळ्यांनी आणि घामानं ते सगळं खाल्लं. आता नुसता गंज.

"थो रंग आणून दे," झाडू म्हणाला. "हजार बंदुकीत मी माही वळखीन."

असे रंग दोन बंदुकांवर सारखे येत नाहीत, हे लहानूनं स्वतःच पूर्वी कधीतरी देवरावला सांगितलं होतं आणि देवरावनं ते झाडूला पायरीवरच पाजलं होतं. वर, आमचा लहानू या कामात आख्ख्या जिल्ह्यात एकटा, हेही. ते खरं होतं, कारण दुसरा कुणी करतच नव्हता. खुद्द लहानूनंही मिस्त्री गेल्यावर एकदाच करून पाहिलं होतं आणि बॉडी शिळ्या राखेच्या रंगाची निघाली होती. एवढं सगळं त्याच्या मनात आलं. बापाची उशी आठवली, हाडं आठवली. आणि तोंडातून निघालं, हव.

एका माणसाची दोन हव अशी समोरासमोर आली.

त्या दिवसापासून लहानूचं जेवण सुटलं. बॉडी मात्र तो रोज ड्यूटी सुटल्यावर दुकानात जाऊन घासत होता. रॉकेलमध्ये बुडवून गंज सोडवला, मग कानस, मग जाड एमरी, मग बारीक, मग नुसतं तेल आणि कापडाची पट्टी. नंबराच्या चार आकड्यांभोवती तो इतका जपून घासत होता की आकडे जणू झोपलेत आणि उठवायचे नाहीत. आठ दिवसांत लोखंड आरशासारखं झालं. त्यात त्याला स्वतःचं तोंड दिसायचं, आणि ते तोंड काही केल्या त्याला आवडेना.

शेवटी रुखमाबाईनंच विचारलं. त्यानं सांगितलं. ती सुपात तांदूळ पाखडत होती, पाखडतच राहिली.

"हाड माह्या लेकाच्या हाताले लागनार नाई," ती म्हणाली.

"रंगाले हाडच लागते, माय."

"मंग नोको आनू."

"हव म्हनून बसलो नं."

यावर रुखमाबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की दहा कोस उन्हाची चाल तिला पुन्हा आठवली असावी. देवरावनं सुचवलं होतं की म्हातारीला सांगायचंच कशाला. पण लहानूला खोटं बोलण्यासाठी आधी 'नाही' म्हणावं लागलं असतं: हाड आणलं का? नाही. आणि तिथंच सगळं अडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या नळावर उभी असताना रुखमाबाई अचानक म्हणाली, "शिंग चालते का? चितळाचं? गळून पडलेलं?"

तिनं रात्रभर विचार केला होता. गाईचं शिंग नको, ते मेल्यावर निघतं. पण चितळ दरसाल शिंग टाकतो आणि पुढे चालू लागतो. कुणी मेलं नाही, कुणी ओढलं नाही, कुणी सोललं नाही, कुणी कुणाच्या दारात उभं राहून मागितलं नाही. बापाच्या उशाशी जे सोडलं ते हे नव्हे. एखादा वकील लावला असता तरी त्याला इतकी बारीक फोड करता आली नसती. लहानूनं मिस्त्रीच्या गोष्टी आठवून पाहिल्या. हैदराबादला एका नवाबाच्या बंदुकीला सांबरशिंगाचा कोळसा वापरला होता आणि रंग हाडापेक्षा उजवा आला होता, असं तो सांगायचा. शिंग म्हणजे तरी काय, डोक्याबाहेर वाढलेलं हाडच.

म्हणजे म्हातारीची वाट मोकळी झाली, आणि जंगलखात्याची बंद झाली. कारण चितळानं टाकलेलं शिंग जमिनीला टेकताच सरकारचं होतं. उचलणारा गुन्हेगार. झाडूच्या गावात अशी शिंगं कुडाला अडकवलेली असत, त्यावर लोक टोपल्या टांगत. पण ती घेऊन एसटीत बसायचं आणि नाक्यावरून यायचं म्हणजे नाक्यावरच राहायचं. यावर लहानूनं तोड काढली, आणि आयुष्यात एकदाच त्याला स्वतःच्या डोक्याचा अभिमान वाटला. झाडूला निरोप गेला, शिंगं तिथंच भाजा, मडक्यात घाला, तोंड मातीनं बंद करा, जळू द्या, मग कुटा. काळी पूड कुणीही ओळखत नाही. तेलाचा पाच किलोचा डबा पुरे, पण काठोकाठ पाहिजे. बॉडीच्या चारी अंगांना चार बोटं पूड आली पाहिजे.

झाडूची बायको सुकरी ती पूड घेऊन निघाली. झाडू बंदुकीच्या कागदांसाठी ठाण्याच्या चकरा मारत होता, म्हणून ती एकटी. सत्तावीस तारीख.

सुकरी जन्मात खोटं बोलली नव्हती, कारण तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. नाक्यावर जंगलखात्याचा गार्ड बसमध्ये चढला आणि डब्यावर काठी टेकवून म्हणाला, यात काय आहे. सुकरीनं डबा पोटाशी ओढला. शिंग म्हणता येईना, कोळसा म्हणावं तर कोळशाचा पास मागतात. तिच्या तोंडून निघालं, मंजन.

गार्डनं झाकण काढून चिमूट घेतली. बोटावर चोळली, मखमलीसारखी. त्याची खालची दाढ तीन दिवसांपासून ठणकत होती. त्यानं ती चिमूट दाढेवर दाबली आणि डोळे मिटले. आता हे देवाला ठाऊक की शिंगाच्या राखेत काय असतं, पण गार्डचा चेहरा हळूहळू उतू चाललेल्या दुधावर पाणी मारावं तसा बसला. त्यानं कागद मागवला आणि पाव डबा पूड पुड्यांत बांधून घेतली. ते बघून कंडक्टरनं तिकिटांच्या पेटीतला खण रिकामा केला. ड्रायव्हरनं रुमाल पसरला. मागच्या सीटवरच्या दोन मास्तरांनी, मूल गावी उतरणाऱ्या एका नवरीनं आणि तिच्या करवलीनं, सगळ्यांनी थोडं थोडं घेतलं. मंजनाला कुणी नाही म्हणावं तरी कसं? इतकी साधी वस्तू. आणि एकदा मंजन म्हटल्यावर ते देत नाही म्हणणारी बाई संशयाचीच.

दुकानात सुकरीनं डबा पाटावर ठेवला तेव्हाच लहानूच्या हाताला कळलं. झाकण उघडून त्यानं आत पाहिलं. जेमतेम अर्धा.

"बसमंधी समद्याइले दात होते, भाऊ," सुकरी म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळून बसली.

देवराव हसून हसून लोळला. लहानूला हसू येईना. पुन्हा शिंगं गोळा करून भाजून आणायला वेळ नव्हता. अठ्ठाविसाचा एकच दिवस हाती होता, एकोणतीसला काम झालं नाही तर बंदूक गंज काढलेली, उघडीबोडकी, बिनखुणेची ठाण्यात जाणार. घासून टाकल्यामुळे होती ती ओळखही आता उरली नव्हती. आधी निदान गंजाचे डाग तरी झाडूच्या ओळखीचे होते. लहानूनं ते स्वतःच्या हातानं पुसले होते.

मिस्त्री कातड्याचा कोळसाही मिसळायचा. लहानूनं पायाकडे पाहिलं. वीजकेंद्राचे बूट होते, सहा महिन्यांपूर्वीच मिळालेले. ते त्यानं काढले आणि मडक्यात घातले. पायात घालायच्या वस्तूबद्दल आईशी त्याचं काही ठरलेलं नव्हतं, अशी त्यानं मनाची समजूत काढली. पण बूट निघाले अर्धे रबराचे. असा घाणेरडा धूर झाला की वेशीपासूनचे लोक नाक धरून आले. हाती मूठभर काळं लागलं. उरलेल्या जागेत त्यानं साध्या लाकडाचा कोळसा कुटून भरला. लाकडाचा कोळसा लोखंड कडक करतो, रंगाची हमी देत नाही, हे त्याला माहीत होतं. चांगली पूड त्यानं डाव्या अंगाला घातली, जिथं मोराची मान होती. उजव्या अंगाला जे उरलं ते.

एकोणतीसला लहानूनं रजा टाकली आणि भर दुपारी पेटी भट्टीत गेली. बाहेर सेहेचाळीसचं ऊन, आत भट्टी. पिंपातलं पाणी चहाला ठेवावं इतकं तापलेलं, म्हणून बर्फाच्या कारखान्यातून दोन लाद्या आणून टाकल्या. पाण्यात हवा खेळती पाहिजे, म्हणून सायकलचा पंप लावून त्याची नळी पिंपाच्या तळाशी सोडली. पंप मारायला देवराव. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या दुकानात त्याला काम लागलं आणि दहा हात मारताच त्याची वाघांची गोष्ट बंद पडली. सुकरी कोपऱ्यात बसून होती. शटर अर्धं ओढलं, कारण आगीचा रंग उजेडात वाचता येत नाही.

तीन तासांनी पेटी कोमेजल्या पळसावर आली. लहानूनं चिमट्यानं उचलली, पिंपावर नेली, झाकणाची खीळ उडवली आणि उलटी केली. पाणी किंचाळलं. वाफ छताला लागली. यापुढे करायचं काही नव्हतं. हात होते, पण त्यांना काम नव्हतं. त्यानं ते गुडघ्यांवर ठेवले आणि पिंपाकडे बघत बसला.

बॉडी बाहेर काढली तेव्हा डावं अंग वर होतं. देवराव पंप सोडून पुढे वाकला. निळ्यात जांभळं शिरलेलं, कडेला मध, आणि मधून एक हिरवट पट्टा, मान वळवून पाहणारा. मिस्त्री असता तर त्यानंही टोपी काढली असती. मग लहानूनं ती उलटली. उजवं अंग राखाडी. शिळ्या राखेचा, तोच त्याचा जुना ओळखीचा रंग.

झाडू दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आला. लहानूनं बंदूक जोडून तयार ठेवली होती, डावं अंग वर करून. बुटाऐवजी चपला घालून ड्यूटीवर गेल्याबद्दल फोरमनची शिवीगाळ खाऊन, अर्धी रजा टाकून तो आला होता. झाडूनं डावं अंग पाहिलं, त्यावरून अंगठा फिरवला. उलटवून उजवं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. लहानूला सांगायचं होतं की हे पुन्हा करता येईल, महिना द्या. महिना नव्हता, दिवसही नव्हता. संध्याकाळी पाचला ठाण्याचं रजिस्टर बंद होणार होतं.

"बरं झालं," झाडू म्हणाला. "अशी दुसरी कोनाची नसन."

ते समाधान होतं की समजूत, लहानूला कळलं नाही.

त्या ठाण्याचं नाव नको, तिथले लोक अजून लग्नाच्या पत्रिका पाठवतात. पण हवालदार भला होता. झाडूच्या सांगण्यावरून त्यानं पावतीवर लिहिलंसुद्धा, 'एका बाजूस रंग, दुसऱ्या बाजूस नाही.' झाडू ती पावती दर वर्षी धान निघाल्यावर घेऊन चंद्रपूरला येऊ लागला, सोबत लहानूच्या घरासाठी पुडक्यात चारोळी. पावती लहानूच्या हातात द्यायची, त्यानं वाचून दाखवायची, आणि विचारायचं, बंदूक येईन का? लहानू म्हणायचा, हव. दुसरं काय म्हणणार. त्या दोन हंगामांत डुकरांनी झाडूचं निम्मं धान लोळवलं. म्हातारा-म्हातारी माचाणावर बसून डबे वाजवत. डुकरांना डब्याची सवय होऊन गेली.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीत लहानू स्वतः ठाण्यात गेला. कांतानं ढकललं म्हणून गेला. चार शब्द साहेबाला विचारायचे, एवढंच. साहेब दौऱ्यावर. हवालदारानं चहा पाजला, वीजकेंद्राचा फिटर आहे हे कळल्यावर दुसरा चहा पाजला, आणि म्हणाला की आमच्या मालखान्याचं कुलूप वर्षभर धड लागत नाही हो, तेवढं बघता का. लहानूनं काय म्हटलं असेल ते सांगायला नको. दोन तास बसून त्यानं ते कुलूप असं दुरुस्त केलं की आता ते तोफेनंही उघडलं नसतं. काम चालू असताना दार उघडं होतं. भिंतीला टेकून चाळीस-पन्नास बंदुका, सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या. त्यातली तिसरी राखाडी अंग बाहेर करून उभी होती. त्यानं एका नजरेत ओळखली. आपली चूक माणूस अंधारातही ओळखतो. जरा उलटवून बघू का, असं विचारायचं त्याच्या मनात होतं. पण हवालदार म्हणाला, हात लावायचा नाही बरं का, नियम आहे. लहानू हव म्हणाला, बाहेर आला, कुलूप लावून दाखवलं आणि किल्ली हवालदाराच्या हातात ठेवली.

नाक्यावरचा गार्ड मात्र खूश होता. त्याची दाढ बरी झाली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बसमध्ये तो मंजनवाल्या बाईची चौकशी करी. सरकारचा पगार घेऊन सरकारच्याच चितळाच्या शिंगानं तो दोन वर्षं दात घासत होता, आणि हे त्याला कुणी कळवलं नाही. कळवू नये, दात पांढरे होते.

एकोणनव्वदच्या डिसेंबरात झाडू आला तेव्हा थकलेला दिसला. क्वार्टरच्या मागच्या अंगणात खाटेवर बसला. रुखमाबाई उन्हात पाय पसरून होती. लहानूनं पावती वाचली. झाडूनं येईन का विचारलं नाही. या वेळी त्यानं वेगळंच विचारलं.

"रंग ऱ्हाते का गा इतके दिवस?"

यालाही हव म्हणता आलं असतं. लहानूनं आईकडे पाहिलं. ती आभाळाकडे पाहत होती.

"अंधारात ऱ्हाते," तो म्हणाला. "कुलपात असली का दहा वर्षं ऱ्हाईन. उनानं जाते. हातात धरली, घाम लागला, का जाते."

झाडूनं आपल्या तळहातांकडे पाहिलं.

"म्हंजे माह्या हातात आली का जाईन."

"हव," लहानू म्हणाला. आयुष्यातलं हे एकच हव त्यानं मान खाली घालून म्हटलं.

"जाऊ दे मंग. हातात आल्यावर वळखाची काय गरज."

कांतानं चहा आणला. झाडूनं बशीत ओतून पिऊन संपवला. मग पिशवीत हात घालून त्यानं तेलाचा एक डबा काढला आणि लहानूच्या पायाशी ठेवला. सुकरीनं दिला होता. चारोळीच्या खाली दडवून आणला होता, नाक्यावर गार्डनं विचारलं तर झाडूनं सरळ सांगितलं की म्हातारी मेली आणि मंजन तिच्याबरोबर गेलं. सुकरी धडधाकट होती, घरी डबे वाजवत बसली होती.

"दुसऱ्या अंगासाठी," झाडू म्हणाला. "आली का करशीन."

लहानूनं झाकण उघडलं. पूड मखमलीसारखी कुटलेली, आणि या वेळी डबा काठोकाठ भरलेला. त्यानं रुखमाबाईकडे पाहिलं. तिनं मानेनं माळ्याकडे खूण केली, वर ठेव, नाहीतर पोरं दात घासतील.